दाराएवढी खिडकी

बिरूआण्णा, तुमच्यावर चार शब्द लिहायचं काम आपल्या गटानं माझ्या गळ्यात घातलंय. जन्म कधीचा, शाळा कितवीपर्यंत, कुठल्या कुठल्या गावात किती घरं बांधली, असं सगळं व्यवस्थित लिहा म्हणाले. तुम्ही ऑफिसात आहात, तुम्हाला असलं जमतं, म्हणाले. मी कागद पुढ्यात घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही मला फसवलंत, आणि जाब विचारायच्या आत निघून गेलात. आज सोळा दिवस झाले. तेव्हा ती जन्मतारीख वगैरे दुसऱ्या कुणीतरी लिहावी, मी आपलं हे तुम्हालाच लिहिते.

वाचणाऱ्याला वाटेल, ही कोण भांडणारी. तर मी सुनंदा, ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसातली कारकून, राहणार जुळे सोलापूर. मुलगी शिकायला बाहेर गेली, दिवाळीच्या सुट्टीत घर खायला उठायला लागलं, म्हणून मी गटात नाव दिलं. दोन-चार शिक्षक, चिंचोळीच्या कारखान्यांतले फिटर-वेल्डर आणि तुम्ही तिघं गवंडी. पुरानं, दरडीनं जिथं घरं पडली असतील तिथं सुट्टीत जायचं, शाळेत मुक्काम टाकायचा आणि घरं बांधून द्यायची. पहिल्या दिवशी टेम्पोत सामान चढवताना तुम्ही विचारलंत, "म्याडम, तुमास्नी काय काय येतं?" मी म्हटलं, "कागद सांभाळता येतात." मला वाटलं हसाल. तुम्ही म्हणालात, "मग लई ब्येस. आमच्यात त्येच कुनाला येत न्हाय." त्या दिवसापासून नकाशे, परवानग्या, याद्या, सगळं माझ्या पिशवीत आलं.

तुमचं काम बघायला मी ती पिशवी खाली ठेवून उभी राहायचे, हे मात्र तुम्हाला कधी कळू दिलं नाही. ओळंब्याची दोरी सोडायच्या आधी तुम्ही एक डोळा बारीक करून भिंतीकडे बघायचात आणि म्हणायचात, "वरनं सूतभर भाईर हाय." मग ओळंबा सोडायचा, तर खरंच सूतभर बाहेर. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी गुपचूप ओळंबा लावून बघितला, तुम्ही कुठं चुकलात का ते. नाही चुकलात. मला जरा रागच आला. ब्लॉक उचलून बोटानं टिचकी मारायचात आणि आवाजावरून एखादा बाजूला टाकायचात. तो आम्ही उत्सुकतेनं फोडला की आत बारीक चीर निघायची. आणि पाण्याचं तर विचारूच नये. शेजारून ओढा दुथडी भरून वाहतोय आणि आमचे दुष्काळी सांगोल्याकडचे बिरूआण्णा अर्ध्या बादलीत थापी धुतायत, तेच पाणी परत सिमेंटच्या मालात ओततायत. "आण्णा, ओढा आहे की तिथं," म्हटलं तर म्हणालात, "त्ये पानी ओढ्याचं हाय." मी त्यावर दिवसभर हसले होते.

आपली खरी खडाजंगी व्हायची ती चुलीवरून. नव्या घराच्या जागेवर तुम्ही लगेच आखणी करायचा नाहीत. आधी त्या घरच्या बाईला सांगायचात, "आक्का, हितं मोकळ्यात तीन दगुड मांडा आन् कायबी शिजवा. च्या करा न्हायतर पिटलं करा." भिंत नाही, छप्पर नाही, आणि ती बाई लाजत लाजत चूल पेटवून बसायची. तुम्ही लांब उकिडवे बसून तंबाखू मळत राहायचात. ती कुठं बसते, कुठं तोंड करते, भांडी कुठल्या हाताला ठेवते, धूर कुठं जातो. तिचं शिजवून झालं की मग उठायचात, हातात फक्की घ्यायचात आणि त्या पांढऱ्या भुकटीनं दार, खिडकी, ओटा जमिनीवर आखून टाकायचात. हे कुठं शिकलात म्हणून विचारलं तर म्हणालात, "आमी धनगर. मेंढरं बसवायच्या आदी त्यांस्नी फिरू द्यायचं आसतं. ती आपली आपन जागा धरत्यात." मी म्हटलं, "म्हणजे बायका मेंढरं का?" तुम्ही तंबाखूची चिमूट तोंडात टाकलीत आणि म्हणालात, "न्हाय. गवंडी धनगर हाय, एवडंच." मी नकाशाची घडी घातली.

पण मी कारकून बाई. कागदावर जे आहे ते तसंच झालं पाहिजे, नाहीतर मला जेवण जात नाही. गेल्या दिवाळीत घाटातल्या त्या गावात आपण गेलो, तेव्हा सहा घरांचा नकाशा एकच होता. दार रस्त्याकडे, चूल मागे. रस्त्याच्या पलीकडे डोंगर, आणि त्या डोंगरावर दरड कोसळलेली जागा, वरपासून खालपर्यंत लाल. गवत नाही, झाड नाही. अठरा दिवसांत सहा घरांच्या भिंती आणि पत्रे व्हायचे होते. तुम्ही पाच बायकांना चूल मांडायला लावलीत आणि पाचही घरांची दारं फिरवून मागं, शेताकडे केलीत. मी इंजिनिअर साहेबांना फोन करून करून थकले. ते चिडले, मग म्हणाले ठीक आहे, घराचं माप बदलू नका म्हणजे झालं.

सहावं घर हौसाबाईंचं. दरडीनं त्यांचा मुलगा, सून आणि राहतं घर एका सकाळी नेलं होतं. त्या वावरात गेल्या होत्या म्हणून राहिल्या. सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या, कुणी दिलं तर खायच्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "आक्का, च्या करा की हितं." त्यांनी ऐकलं आणि तशाच दगडावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालात. तिसऱ्या दिवशी नुसतेच जाऊन जवळ बसलात. पाच घरांच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि सहाव्या जागेवर एक रेघ नाही. मी तुमच्यामागं भुणभुण लावली, की दिवस संपत आलेत, ही बाई चूल पेटवणार नाही, तिच्यात तेवढं उरलेलं नाही, तुम्हाला दिसत नाही का. तुम्ही म्हणालात, "बगू की अजून दोन दिस."

मी नाही बघितलं. तुम्ही वाळू आणायला ट्रॅक्टरबरोबर गेलात त्या सकाळी मी नकाशा काढला, टेप घेतली, आपल्या दोघा फिटरना हाताशी धरलं आणि स्वतः फक्की मारली. नकाशाप्रमाणे. दार रस्त्याकडे. हौसाबाई तिथंच होत्या. मी त्यांना विचारलं, "असं चालेल ना?" त्या म्हणाल्या, "चालंल." तुम्ही परत येईपर्यंत पाया खणून झाला होता. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, मी तर तयारीतच होते, माझी सगळी उत्तरं पाठ होती. तुम्ही त्या खणलेल्या पायाभोवती एक चक्कर मारलीत आणि एवढंच विचारलंत, "त्या काय म्हनल्या?"

"चालेल म्हणाल्या."

"चालंल म्हनल्या?"

"हो."

"बरं. खंदलंय न्हवं, मग बांदू की."

आणि बांधलंत. सहा घरांत सगळ्यात सुबक तेच झालं. फक्त एका गोष्टीवरून आपलं वाजलं. मागच्या, शेताकडच्या भिंतीत नकाशात दोन फुटांची खिडकी होती. तुम्ही ती चांगली दाराएवढी रुंद ठेवलीत. सोलापुराहून आणलेली लोखंडी जाळी बसेना. मी हातात जाळी घेऊन तुमच्यावर खेकसले, "आण्णा, नकाशा बघता का नाही तुम्ही? ही खिडकी आहे का वेस?" तुम्ही म्हणालात, "वारं येतंय." जाळीच्या दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून वेळ मारून नेलीत. मी नकाशावर लाल पेनानं शेरा लिहिला, 'खिडकी चुकली, गवंडी'. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मे महिन्यात आपण गावात पुन्हा गेलो, न्हाणीघरांच्या कामासाठी. पाच घरांसमोर सारवलेलं अंगण, वाळत घातलेले कपडे, एका दारात कोंबड्या. सहाव्या घराला कुलूप. उंबऱ्यावर पाचोळा साठलेला. हौसाबाई समोरच्या शेडमध्येच होत्या. मी किल्ली मागून घेतली, आत गेले, आणि बाहेर यायला वळले तर दाराच्या चौकटीत तो लाल डोंगर. पूर्ण चौकट भरून. चौकटीला काठोकाठ भिडलेला. मी तिथंच उभी राहिले. आणि मग मला त्या पाच चुली एकेक करून आठवल्या. पाचही बायका डोंगराकडे पाठ करून बसल्या होत्या. एकीनंही तोंडानं सांगितलं नव्हतं. अठरा दिवस मी त्या जागेवर वावरत होते, रोज यादीत त्यांची नावं लिहीत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. तुम्हाला पहिल्या दिवशी दिसलं होतं. आण्णा, माणसाला असं कसं दिसतं?

तेव्हाच मी तुमच्याकडे येऊन चुकलं म्हणायला हवं होतं. दोन शब्द आहेत. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत. परतीच्या एसटीत तुमच्या शेजारी बसले आणि उलट तुमच्यावरच तोंड सोडलं. "तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाहीत?"

तुम्ही म्हणालात, "त्या बाया बोलल्या न्हायत. मग मी कसं बोलायचं?"

"मग हौसाबाईंचं दार पण गुपचूप फिरवायचं. चूल कशाला हवी होती?"

तुम्ही म्हणालात, "त्यांचं पोरगं त्या डोंगरात हाय, म्याडम. त्यांस्नी डोंगुर म्होरं पायजे का पाठीमागं, हे मला काय ठावं?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवते. "मग मी खणायला लावलं तेव्हा मला थांबवायचं होतं. गप्प बसून तुम्ही मला चुकू दिलंत." बसमधली माणसं माना वळवून बघत होती. तुम्ही पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढलीत, निम्मी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "त्ये आपन बोलू कवातरी."

कधीतरी आलंच नाही. गणपतीत मी घरी बोलावलं तर तुम्ही फोनवर म्हणालात, माढ्याला पाहुण्यांच्या घराचं काम निघालंय, जमायचं न्हाय. मला वाटलं टाळताय. या दिवाळीत दुसऱ्या एका गावात आपण पंधरा दिवस बरोबर होतो, रोज एकत्र जेवलो, मी रोज ठरवायचे आज बोलू, आणि रोज वाळूवरून नाहीतर पत्र्यावरून भांडून मोकळी व्हायचे. मग त्या सकाळी ऑफिसात तुम्ही गेल्याचा फोन आला. चहाचा कप हातात होता म्हणे तुमच्या. माझ्या समोर मुलं दाखल्यासाठी रांग लावून उभी होती. मी अकरा दाखल्यांवर शिक्के मारले आणि मग मला कळलं, काय ऐकलं ते.

दहाव्याला तुमच्या गावी आले. आपल्या गटातली सगळी होती. मांडवाच्या कडेला एक म्हातारी बाई तांदळाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मी ओळखलंच नाही. हौसाबाई. त्यांच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना आपल्या गटाकडून फोन गेला होता, तर तीन एसट्या बदलून एकट्या आल्या होत्या. मला बघितल्यावर त्या उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या मांडवात म्हणाल्या, "बाई, तुमी त्यास्नी धाडलंत म्हणून मी आज घरात हाय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. गणपतीत तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या गावात उतरलात. देवळात राहिलात. काम काही काढलं नाही. रोज त्यांच्या शेडपाशी जाऊन बसायचं, दुपारी उठून जायचं. सहाव्या दिवशी पावसाची उघडीप झाली, तुम्हाला खोकला लागला होता, म्हणून हौसाबाई आपणहून उठल्या. शेडमध्ये लाकडं ओली होती, धूर कोंडेल म्हणून बंद घराच्या मागं गेल्या, तीन दगड मांडले आणि तुमच्यासाठी चहा ठेवला. शेताकडे तोंड करून. तुम्ही चहा प्यालात, कप विसळून दिलात आणि पिशवी उघडलीत. दोन दिवसांत दार मागं गेलं. पुढचं दार बुजवताना तुम्ही त्यांना विचारलंत, हितं कायबी ठिवायचं का. त्या म्हणाल्या, एक कोनाडा ठेव. पोराला दिवा लावीन.

"म्हनला, म्याडमनी सांगितलंय, आमचं चुकलं. त्यांची नोकरी हाय, यायला जमंना, म्हणून मला धाडलंय," हौसाबाई म्हणाल्या.

तुमच्या घरच्या अनुसयावहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. त्यांनाही तुम्ही तेच सांगितलं होतं. माढ्याचं फक्त माझ्यासाठी होतं.

जे दोन शब्द माझ्या तोंडून सहा महिने निघत नव्हते ते तुम्ही माझ्या नावानं, तीन एसट्या बदलून, पावसात नेऊन पोचवलेत. आणि मला सांगितलंही नाहीत. मांडवात सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी तोंड उघडलं नाही. तुम्ही मला किती वाईट पेचात टाकून गेलात, याची कल्पना आहे का तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंना पोचवायला मी बरोबर निघाले. वाटेत तीन बसमध्ये तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं आणि तीनदा त्यांना पाणी पाहिजे का विचारलं. घर बघितलं. पुढच्या बुजवलेल्या भिंतीत कोनाडा, त्यात दिव्याची काजळी. मागं दार, दारासमोर कापणी झालेली भातखाचरं. मी चौकटीवरून हात फिरवत होते आणि हात मध्येच थांबला. कमरेच्या वर भिंतीची कड जुनी होती. कमरेखाली तेवढी नवी. वरचा लिंटल, खिडकीवरची ती आडवी तुळई, आपणच टाकलेला. म्हणजे तुम्ही खिडकीखालचा तुकडा तेवढा काढला होता, आणि पुढची चौकट उचलून तिथं बसवली होती. बोटभरही तासावं लागलं नव्हतं.

मी खाली बसले, आण्णा. मी जाळी हातात घेऊन तुमच्यावर खेकसत होते तेव्हाच तुम्ही हे करून ठेवलं होतंत. मी केलेली चूक एक दिवस दुरुस्त करता यावी म्हणून तुम्ही माझ्याच डोळ्यांसमोर भिंतीत जागा सोडली होती. मला खोटं पाडलं नाहीत, त्यांना घाई केली नाहीत. आणि मी लाल पेनानं शेरा लिहिला. गटातले लोक म्हणतात तुमच्या हातात कला होती. असेल. एवढा मोठा माणूस माझ्या शेजारी बसून भाकरी खात होता, आणि मी त्याला नकाशा बघता येत नाही म्हणून बोलत होते.

तेव्हा सांगून टाकलं. "हौसाबाई, मी नव्हतं पाठवलं आण्णांना. ते खोटं बोलले तुमच्याशी."

हौसाबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "ठावं हाय मला."

"कसं?"

"धाडलेलं मानूस आसं आट दिस ऱ्हात न्हाई." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माजा राग हुता तुज्यावर. त्यो काडायला बोलला आसंल. जा, च्या ठेव. मागं दगुड हायती."

मी मागं गेले. दगड जरा सरकवले, काटक्या लावल्या, पातेलं ठेवलं, साखर कुठल्या हाताला ठेवायची ते आपोआप ठरलं. हौसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, तुम्ही बघायचात तशा. पाणी उकळायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोर खाचरं होती. डोंगर माझ्या पाठीमागं होता. मला कुणी सांगितलं नव्हतं असं बस म्हणून.

माझ्या तोंडून निघालं, "चुकलं माझं."

"कुनाला म्हनतीस?"

"आण्णांना."

"मग मोट्यानं म्हन की," हौसाबाई म्हणाल्या. "लांब गेलाय त्यो."

मी उठले, डोंगराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं. खाचरात भात झोडणारी माणसं हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली.